खो कसा घ्यावा, कसा द्यावा : नोकरदारांसाठी मार्गदर्शिका

शाळेत बास्केटबॉल खेळलेला माणूस पुढे नोकरीत चमकतो, असं मोठमोठी व्यवस्थापनतज्ज्ञ मंडळी सांगतात. चमकत असेल. १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला, तेव्हा उंचावर पीच फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या आणि त्यांना बूड होतं. चेंडू आत पडला की कुणीतरी वर चढून तो काढायचा, मग पुढचा खेळ. आमच्या कार्यालयात फायलींचं अजून तसंच चालतं. पण ताडकळसला आमच्या शाळेत टोपलीच नव्हती. काळ्या मातीचं मैदान होतं, चुन्याच्या रेषा होत्या, दोन लाकडी खांब होते आणि पीटीचे सर होते. सबब, प्रस्तुत मार्गदर्शिका खो-खोवर बेतलेली आहे.

पात्रता : जे खेळाडू वरपर्यंत पोचले, त्यांच्यासाठी शासनानं नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखल्या आहेत. त्यांना सल्ल्याची गरज नाही. पूर्णा तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झालेल्यांनी मात्र पुढील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.

१. बसणे. खो-खोत नऊ जणांपैकी आठ जण बसलेले असतात आणि पळत असतो एकटा. नोकरीत नवीन लागलेल्यांनी हे प्रमाण पाहून गांगरू नये. मात्र बसण्यात दोन प्रकार आहेत. एक, चवड्यांवर भार, हात जमिनीला टेकलेले, नजर पळणाऱ्यावर. दुसरा, बूड टेकून. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. बहुतेक बढत्या या दृष्टिभ्रमावर झालेल्या आहेत.

२. तोंड. आठ जण एका ओळीत बसतात, पण एकाचं तोंड उगवतीकडे तर शेजारच्याचं मावळतीकडे. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा सुळकन निसटतो. तो पलीकडे गेला की पलीकडे तोंड असलेल्यालाच उठवावं लागतं. लेखा शाखेचं तोंड नेहमी आपल्या उलट का असतं, याचं उत्तर इथं आहे. त्यावर चिडू नये. सगळ्यांची तोंडं एकीकडे असती, तर अर्धं मैदान मोकळंच राहिलं असतं.

३. खो देणे. खो पाठीमागून द्यावा, हात लावून द्यावा आणि त्याच वेळी मोठ्यानं ‘खो’ म्हणावं. हात लागला पण आवाज नाही, तर फाऊल. आवाज आला पण हात नाही, तरी फाऊल. कार्यालयात दोन्ही फाऊल नित्याचे आहेत. शुक्रवारी पावणेसहाला मान खाली घालून टेबलावर फाईल ठेवून जाणे हा पहिला. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असं लिहून ती एकाच वेळी चार शाखांना पाठवणे हा दुसरा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक प्रकरण पंधरा दिवस माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे आहे, हे मला सोळाव्या दिवशी मेमो आल्यावर कळलं. लक्षात ठेवा : खो देणं वेगळं आणि खो घालणं वेगळं. मराठीनं हा फरक आधीच करून ठेवलाय. आस्थापना शाखेनं तो अजून स्वीकारलेला नाही.

४. दिशा. एकदा खांद्यानं दिशा धरली की मागे वळता येत नाही. गडी हुकला तर सरळ खांबापर्यंत जायचं, वळसा घालायचा आणि मग परतायचं. नोकरीत हा खांब ३१ मार्चला असतो. त्याआधी वळू पाहणारे लेखापरीक्षणात सापडतात. अपवाद : २०२२ साली अल्टिमेट खो खो ही लीग सुरू झाली, तीत ‘वजीर’ नावाचा गडी आला. त्याला दिशेचं बंधन नाही. ही कल्पना आयोजकांना कुठून सुचली असेल ती असो, पण वजीर प्रत्येक कार्यालयात लीगच्या आधीपासून आहे. त्याची नक्कल करू नये. तुमचे मामा कुठंही सभापती नाहीत.

५. श्रेय. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, म्हणजे आपल्या शेजारची. तो रविवार होता. सोमवारी आमच्या कार्यालयात अकरा जणांना आपण शाळेत खो-खो खेळल्याचं आठवलं. त्यातले सात जण कर्णधार होते. श्रेय हे असं घ्यावं : उशिरा, पण सोमवारीच.

६. खो न मिळणे. ही सूचना अनुभवातून दिलेली आहे. तालुक्याच्या सामन्यात मी खांबालगतच्या चौकोनात बसलो होतो. आमचा पूर्ण डाव संपला, पण मला एकदाही खो मिळाला नाही. सामना हरल्यावर मी सरांकडे तक्रार नेली, की पोरं मला मुद्दाम खो देत नाहीत. सर काही बोलले नाहीत. मला मैदानात घेऊन गेले आणि ओळीनं एकेक चौकोन दाखवत चालले. प्रत्येक चौकोनात मातीत चवड्यांचे दोन खोल खड्डे होते. माझ्या चौकोनापाशी ते थांबले. तिथं एकच, छान गोल, उथळ खळगा होता.

“पोरांना पाठीमागून दिसतं लेका,” सर म्हणाले.

आता माझ्याकडे चाकांची, गादीची खुर्ची आहे. तिच्यावर कसलीच खूण उमटत नाही, त्यामुळे साहेबांचं काही चालत नाही. पण परवा शेजारच्या टेबलावरच्या नव्या पोरीनं एक तातडीची फाईल उचलली, माझ्या पाठीकडे क्षणभर पाहिलं आणि ती पुढच्या टेबलावर नेऊन दिली. मोठ्यानं, नाव घेऊन. सगळं नियमात होतं.