येथे लिंबू चिरू नये

ओटा पांढऱ्या संगमरवराचा हवा, हे मत माझं. माझा स्वयंपाकघराशी संबंध चहापुरता. पण ज्या कामात आपला हात नसतो, त्यात मतं फार ठाम असतात. जुना ओटा कडप्प्याचा होता. काळा, कडेला टवके उडालेला. त्यावर आईने कैऱ्या फोडल्या, बायकोने कुकर आदळले, आणि त्याने कधी हूं की चूं केलं नाही. तो मी फोडायला लावला.

माप घेताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, ओट्याला मार्बल? ग्रॅनाइट टाका ना." मी त्याला मकराण्याच्या खाणी सांगितल्या. ताजमहाल सांगितला. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याच दगडाचं, हे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तिथे स्वयंपाक नसेल होत." माणूस अरसिक आहे, हे मी ओळखलं.

गोडाऊनमध्ये दुकानदाराने उभ्या लाद्यांवर पाणी मारून रंग दाखवला. मी बोटाने टकटक केली. आवाज खणखणीत आला तर आत तडा नसतो, असं वाचलं होतं. पहिल्या लादीचा खणखणीत आला. दुसरीचाही. तिसरीला दुकानदारानेच टकटक केली, बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

ओटा बसला, सीलर लागला, आणि पहिल्याच वरणभाताला मी उत्साहाने लिंबू चिरलं. ओट्यावरच. रात्री मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिलं, तर फोडीएवढं मंद वर्तुळ. पुसलं, घासलं, नखाने खरवडलं. वर्तुळ जागचं हलेना. मग रात्रभर वाचन. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि वरची चकाकी विरघळते. म्हणजे मी जो डाग पुसत होतो तो डाग नव्हताच. तिथला दगड गेला होता. आणि सीलर? तो तेल-हळद मुरायला अडवतो. लिंबापुढे त्याचं काही चालत नाही. कडप्पाही चुनखडकच, आम्ल त्यालाही खातं. पण त्याच्यावर टॉर्च मारत कोण बसलं होतं?

यानंतर आपला सगळा स्वयंपाक मला कटकारस्थान वाटू लागला. आमटीत चिंच, सारात आमसूल, भाजीत टोमॅटो, वर ताक. मी भिंतीवर पाटी लावली : 'येथे लिंबू चिरू नये. ताकाचे भांडे ताटलीत ठेवावे. हुकमावरून.' स्वयंपाकाच्या मावशींनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "दादा, मग चिरू कुठं? डोक्यावर?"

पुढचा हल्ला हळदीचा. फोडणीचा पिवळा ठिपका दिसताच मी धुण्याचा सोडा चोळला, आणि ठिपका लाल झाला. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करायचे, ते याच गुणामुळे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला लाल झाल्यावर कळलं. हळदीचा रंग उन्हाने उडतो असं समजल्यावर मी गॅलरीत आरसा धरून ओट्यावर कवडसा पाडत उभा राहिलो. सूर्य सरकला की मी सरकायचो. ठिपका खरंच फिका झाला. माझा खांदा मात्र धरला.

एवढ्यावर थांबणाऱ्यातला मी नव्हे. पुरातत्त्व खातं ताजमहालाला मुलतानी मातीचा लेप लावतं. तो मळ शोषून घेतो. बायकोच्या कपाटात मुलतानी माती होतीच. मी ती ओट्यावर ऐसपैस थापली, वर प्लास्टिक अंथरलं आणि ताजमहालाच्या बरोबरीने झोपलो. सकाळी लेप निघाला. त्याखालची चकाकीही निघाली. पुडा फेसपॅकचा होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'लिंबाच्या गुणांसह' असं छापलेलं.

"अरे, पुढचं वाचायचं तरी," बायको म्हणाली. "आणि माझा पॅक आणून दे."

शेवटी पॉलिशवाला आला. मशीनला हिऱ्याचे पॅड लावून त्याने ओटा घासला, स्वयंपाकघरभर पांढरा चिखल उडवला आणि म्हणाला, "मॅटच ठेवा. डाग पडतील, पण दिसणार नाहीत." चकाकीसाठी एवढा खर्च करून आता ती काढण्यासाठी पुन्हा पैसे मोजले.

"तुमच्या घरी कुठला ओटा?" मी विचारलं.

"ग्रॅनाइट. आमची मंडळी ऐकत नाही."

मॅट ओटा दिसतो छान. तरी धोका नको, म्हणून पाहुणे आले की पोह्यांच्या बशा आणि लिंबाच्या फोडी देऊन सगळ्यांना गॅलरीत उभं करतो. परवा समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी ओरडून विचारलं, "घरात रंगकाम काढलंय का?"

मी हो म्हणालो.