झिरो बघा

पंपवाल्याच्या घरी मुलगी द्यायची, तर पूर्वी पत्रिकेतला मंगळसुद्धा कुणी मनावर घेत नसे. आमची मावशी अशीच जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर सून म्हणून गेली. २००२मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. काका म्हणतात, "रस्ता दारातच आहे, गाड्या तेवढ्या परस्पर जातात."

पंपवाला म्हणजे गडगंज, हा समज मात्र जागचा हललेला नाही. वास्तविक काकांना आपल्याच मालाचा भाव सकाळी सहाला कळतो. २०१७च्या जूनपासून तो रोज बदलू शकतो. पेट्रोलने शंभरी ओलांडली म्हणून कमिशन काही त्या मानाने वाढत नाही. टँकरसाठी आगाऊ भरायची रक्कम तेवढी फुगते. २०२१च्या ऐन दिवाळीत सरकारने उत्पादन शुल्क कमी केलं, डिझेलवर लिटरमागे दहा रुपये. गाव खूश! काकांनी सणासुदीचं म्हणून टाकी भरून घेतलेली. दहा हजार लिटर डिझेल, रात्रीतून लाखाचा फटका. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मावशी म्हणाली, "यंदा पाट जरा जड मांडा, ती लगेच उठून जाते."

रोज सकाळी काका टाकीत गज सोडतात. टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला, की खाली पाणी आहे. इथेनॉल आल्यापासून पावसाळ्यात त्यांना झोप नाही, कारण टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून खुशाल पाण्याशी घरोबा करतं.

गिऱ्हाईकाचा संशय वेगळाच. शंभराच्या आकड्यात मापाची गडबड असते अशी लोकांची पक्की श्रद्धा, म्हणून ते एकशे दहाचं मागतात. सगळेच एकशे दहाचं मागू लागले, तर गडबड करणाऱ्याला तोच आकडा पुरे, हे काका त्यांना सांगत नाहीत. पोऱ्या "झिरो बघा" म्हणतो आणि माणूस पोराच्या निकालासारखा त्या शून्याकडे बघत राहतो.

परवा एक विजेवरची गाडी आली. चाकांत हवा भरून घेतली, मंडळी स्वच्छतागृहात जाऊन आली, बाटल्या भरल्या. हे सगळं फुकटच द्यायचं असतं. जाताना विचारलं, "चार्जर नाही?"

मावसभाऊ केव्हापासून तेच सांगतोय. काकांनी विचारलं, "वेळ किती लागतो?"

"पाऊण तास."

"पाऊण तास गिऱ्हाईक इथं बसून राहणार?" काकांचे डोळे लकाकले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मावशी भज्यांना तयार झाली. भाव मात्र ती स्वतः ठरवणार आहे.