पहिल्या पानावर अध्यक्ष

लोकांच्या चुका काढण्याचे मला पैसे मिळतात. सासूबाई हेच काम गेली कित्येक वर्षं विनामूल्य करताहेत, पण त्यांच्या हुद्द्याला इंग्रजी नाव नाही. माझ्या हुद्द्याला आहे. हैदराबादमधल्या माधापूरच्या एका कंपनीत मी ‘सीनियर यूएक्स रिसर्चर’ आहे. वेबसाइट वापरताना माणूस कुठे अडखळतो ते बघायचं आणि जिने किंवा ज्याने ती बनवली त्याला ते तक्ते काढून गोड शब्दांत सांगायचं, असं हे काम. नातेवाइकांत मात्र ‘कॉम्प्युटरमधलं काहीतरी करते’ यापलीकडे माझी कीर्ती गेलेली नाही. लग्नघरातसुद्धा मला बाजूला घेऊन प्रिंटर दाखवतात.

त्यामुळे काचीगुड्याकडच्या एका मराठी मंडळाचं पत्र आलं, तेव्हा मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. (मंडळाचं नाव सांगत नाही. गणपतीत मला तिथे मोदक खायचे असतात.) ‘आपल्या संकेतस्थळाचे वापरसुलभता, व्यावसायिकता व प्रसार या तिन्ही अंगांनी मूल्यमापन करून द्यावे’ असं त्यात होतं. नवऱ्याने वाचून विचारलं, “मानधन?”

“काही गोष्टी पैशात मोजायच्या नसतात.”

“म्हणजे नाही,” म्हणत त्याने पाण्याची बाटली काढली. फ्रिजचं दार जरा जोरातच लागलं आणि पत्र खाली पडलं. मी ते पुन्हा लावलं, या वेळी दोन चुंबकांखाली.

संकेतस्थळ कसं होतं याचं वर्णन करत नाही. तुमच्या गावच्या मंडळाचंही तसंच आहे. सनई, शाल-श्रीफळ, लाल अक्षरांची सरकती पट्टी, ‘लवकरच येत आहे’ आणि तळाशी आपण कितवे पाहुणे आहोत तो आकडा. पहिल्या पानावर अध्यक्ष. दुसऱ्या पानावर अध्यक्षांचं मनोगत. तिसऱ्या पानावर मनोगत व्यक्त करताना अध्यक्ष.

मी शास्त्रोक्त सुरुवात केली. याकोब नील्सन या गृहस्थांनी १९९४ साली वापरसुलभतेची दहा तत्त्वं मांडली, ती आमच्या धंद्यात संध्येसारखी म्हटली जातात. पहिलं तत्त्व असं की आत्ता काय चाललं आहे, हे यंत्रणेने माणसाला सांगत राहावं. मंडळाच्या ‘आगामी कार्यक्रम’ या पानावर एक गुढीपाडवा होता आणि तो होऊन गेला होता. कोणत्या सालचा, हे कळायला मार्ग नव्हता.

मग व्यावसायिकता. २००२ साली स्टॅनफर्डमध्ये बी. जे. फॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून जास्त लोकांना वेबसाइट दाखवून कोणती विश्वासार्ह वाटते ते विचारलं. लोकांच्या शेऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे नुसत्या दिसण्याबद्दल निघाले. रंग, मांडणी, अक्षरं. आमच्याकडे चांगली चांगली स्थळं याच कारणांनी नाकारली गेली आहेत, तेव्हा मराठी माणसाला या संशोधनाची गरज नव्हती. पण अहवालात ‘स्टॅनफर्ड’ हा शब्द आला की समोरचा जरा सावरून बसतो, म्हणून मी तो चार ठिकाणी घातला.

एका बाबतीत मंडळाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेबसाइटवरच्या फसवणुकीचे तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करायला लावणं, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, असले. आमच्या मंडळाकडे तेरापैकी एकही नव्हता. सभासद होण्याचा अर्जच उघडत नव्हता, त्यामुळे फसवण्याइतकं आत कुणी येतच नव्हतं.

आता प्रसार. प्रसार म्हटलं की मला अमीरपेटबद्दल बोलावंच लागतं. घरी यासाठी मला वेळ बांधून दिलेली आहे. इथे ती पाळायचं कारण नाही.

हैदराबादचं आयटी दाखवायचं म्हणजे लोक पाहुण्यांना सायबर टॉवर्सला नेतात. १९९८ साली वाजपेयींनी त्याचं उद्घाटन केलं, गोल इमारत आहे, फोटो छान येतो. पण त्या इमारतीत शिरणारी माणसं तयार झाली अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासांत, मैत्रीवनम आणि आदित्य एन्क्लेव्ह या इमारतींच्या जिन्यांवर. तिथल्या भिंतीवरचं पत्रक कधी नीट पाहिलं आहे? कोर्सचं नाव एवढं मोठं की चालत्या बसमधून वाचता यावं. त्याखाली शिकवणाऱ्या सरांचं नाव, संस्थेच्या नावाहून ठसठशीत, कारण पोरं सरांकडे येतात, संस्थेकडे येत नाहीत. ‘रिअल टाइम फॅकल्टी’ म्हणजे सर दिवसा खरोखरच्या कंपनीत काम करतात. म्हणून बॅच सकाळी साडेसातची. डेमो फुकट. मोबाइल नंबर. संपलं. संस्थापकांचं छायाचित्र नाही, ध्येय नाही, धोरण नाही, ‘आमच्याविषयी’ नाही. आलेल्या माणसाला काय हवं आहे हे त्या पत्रकाला तुमच्याआधी माहीत असतं.

आणि त्याची परीक्षा रोज होते. माधापूरला आम्ही दोन डिझाइनं लोकांपुढे ठेवतो, महिनाभर आकडे गोळा करतो आणि मग मीटिंगमध्ये वरिष्ठांना जे आवडलं होतं तेच निवडतो. अमीरपेटला पोरं फिरकली नाहीत की संध्याकाळपर्यंत तुमच्या पत्रकावर दुसऱ्याचं चिकटतं. कुणी ती भिंत हलक्या हाताने खरवडली तर साऱ्या उद्योगाचा इतिहास थराथराने निघेल. वर डेटा सायन्स आणि एआय, त्याखाली हडूप, त्याखाली एसएपी, टेस्टिंग, जावा, आणि पार तळाशी वायटूकेच्या काळातलं मेनफ्रेम. आता डोक्यावरून मेट्रो गेली, दोन मार्गिका तिथे एकमेकींना भेटतात, तर पत्रकं खांबांवरही चढली. खाली झेरॉक्सच्या दुकानांत सरांच्या नोट्सचे गठ्ठे मिळतात, सर न भेटताही. खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा, होस्टेलच्या खोलीत चौथा म्हणून राहणारा पोरगा ते पत्रक एकदा वाचतो आणि त्याला कुठे, किती वाजता, कुणाला भेटायचं ते समजतं. जगातल्या कुठल्याही डिझाइन शाळेने मला याहून चांगलं उदाहरण दाखवावं.

मी स्वतः त्याच भिंतीतून आले. मला जावा शिकायचं होतं. पण जावाच्या पत्रकावर टेस्टिंगचं चिकटवलेलं होतं आणि खळ अजून ओली होती. तासभर आधी पोहोचले असते तर आज मी चुका काढण्याऐवजी करत असते. लिंक्डइनवर मात्र मी अमीरपेट लिहिलेलं नाही. तिथे ‘ह्यूमन-सेंटर्ड’ असं काहीसं आहे.

असो. नील्सन यांचंच दुसरं एक प्रसिद्ध म्हणणं असं की पाच माणसांना वापरायला लावलं की सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात. पाच माणसं म्हणजे फार नाहीत. पहिल्या सासूबाई. या चाचणीत माणसाने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं असतं. इतरांना ते शिकवावं लागतं. सासूबाईंना मी फक्त खुर्ची दिली.

“कोजागिरीचा कार्यक्रम कधी आहे, ते शोधा.”

“शोधते ना. हे काय? अय्या, ही बघ! हिने माझा कुकर नेला होता हळदीकुंकवाला, अजून परत नाही. आणि हा मागे उभा आहे तो कोण? बडी चौडीच्या वाड्यातला धाकटा. केवढा सुटलाय!”

कोजागिरी सापडली नाही. पण छायाचित्रांच्या पानावर त्या इतक्या वेळ रमल्या की आमच्या क्षेत्रात अशा आकड्यावर लोकांना बढती मिळते. नवऱ्याने एकदाच बोट लावलं आणि क्रिकेटचा स्कोअर उघडला. तो निष्कर्षही मी नोंदवला. अमेरिकेतल्या भाचीने, ‘मावशी, क्यूट आहे गं’ असा निरोप पाठवला. चौथे मंडळाचे चिटणीस. त्यांना सगळं पटापट सापडलं, कारण ते सगळं त्यांनीच लपवलेलं होतं.

“काका, इथल्या मराठी लोकांचा हा इतिहास पहिल्या पानावर अध्यक्षांखाली एवढा लांबलचक कशाला?” मी विचारलं. “आतल्या पानावर टाकू या.”

काका गप्प झाले. मग म्हणाले, “ताई, १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीपासून, १९०७ पासून, इथे विवेक वर्धिनीत मुलं मराठीतून शिकत होती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, केवढी माणसं! आता कुणीही विचारतं, तुम्ही पुण्याहून कधी आलात? पहिल्याच पानावर सांगितलेलं बरं.”

यावर नील्सन यांचं काही तत्त्व नाही. मी शेरा लिहिला, ‘मजकूर कमी करावा’, आणि काकांना तो कागद दाखवला नाही.

पाचवं माणूस मला शोधावं लागलं नाही. मंडळाच्या कचेरीत निरीक्षणाला म्हणून मी लॅपटॉप, वही आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असा थाट करून बसले होते. ओळखपत्राची तिथे काही गरज नव्हती, पण फोटो चांगला आलेला आहे. सकाळची वेळ. एक तरुण दारात उभा राहिला. हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा, दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यातून बाहेर डोकावणारा थर्मास. नांदेडकडचा. वडिलांना इथल्या हॉस्पिटलात दाखल केलेलं.

नांदेड, परभणी, लातूर, यवतमाळ, तिकडून असे लोक रोज हैदराबादला येतात. कुणी पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये, कुणी रेड हिल्सच्या कॅन्सर हॉस्पिटलात, कुणी डोळ्यांसाठी एल. व्ही. प्रसादला. पुणे-मुंबईपेक्षा त्यांना हे जवळ पडतं. आत डॉक्टर इंग्रजी बोलतात, बाहेर सगळे तेलुगू, आणि ही माणसं वऱ्हांड्यात वर्तमानपत्र अंथरून मराठीत काळजी करतात.

“राहायची काही सोय होते का?” त्याने विचारलं.

मला सोय वगैरे ठाऊक नव्हती. मला माझा पाचवा मिळाला होता. “तुम्ही आमचं संकेतस्थळ पाहिलंत का?”

पाहिलं होतं. रात्री, आयसीयूबाहेर बसून, फोनवर. उघडल्याबरोबर सनई वाजली आणि नर्स धावून आली, म्हणून त्याने घाबरून बंद केलं. मग आवाज बंद करून पुन्हा उघडलं. निवासाची माहिती ‘उपक्रम’, मग ‘इतर’, मग ‘संकीर्ण’ यांच्या आत एका पीडीएफमध्ये होती. ती जुन्या फाँटात टाइप केलेली, त्यामुळे मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसली. दूरध्वनी क्रमांक होता तो लँडलाइनचा, कधीच बंद झालेला. पत्ता हैदराबादी पद्धतीचा, आकड्याला आकडा जोडलेला, शेवटी तिरकी रेघ आणि ‘अ’. शेवटी सकाळी हॉस्पिटलसमोरच्या चहावाल्याने त्याला सांगितलं की काचीगुड्याला जाऊन कुणालाही विचार.

“साधारण एक ते दहामध्ये किती गुण द्याल?” मी वही सरसावली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. हॉस्पिटलात दिवसभर लोक अगम्य प्रश्न विचारतात, त्यातलाच हा एक असावा, अशा सवयीने पाहिलं आणि म्हणाला, “द्या ना मॅडम, तुम्हीच द्या.”

तेवढ्यात मंडळाचा रखवालदार आला. महबूबनगरकडचा, घरी तेलुगू बोलणारा. “आओ भैया, बैठो. खाना खाए क्या?” लिफाफा त्याने स्वतःच्या हातात घेतला, पाणी दिलं, खोलीची किल्ली काढली, भाडं सांगितलं, हॉस्पिटलकडे कुठली बस जाते तेही सांगितलं. माझ्या दहा तत्त्वांपैकी निदान सात त्याने पाणी ओततानाच पूर्ण केली. मी ती मोजत होते, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अहवाल मी सादर केला. रंगीत, स्पायरल बांधलेला, आलेखांसह. कार्यकारिणीने टाळ्या वाजवून तो स्वीकारला आणि शाल-श्रीफळ दिलं. त्याचं छायाचित्र आता पहिल्या पानावर आहे, अध्यक्षांच्या किंचित खाली. सरकती पट्टी काढून टाकावी ही माझी पहिली शिफारस होती. त्या पट्टीवर सध्या लाल अक्षरांत ‘संकेतस्थळ मूल्यमापन’ आणि पुढे माझं पूर्ण नाव सरकत असतं. पट्टी काढण्याची इतकी घाई नाही, असं मी चिटणीसकाकांना कळवलं आहे. माझं नाव नीट सरकतं आहे ना, हे बघायला मी अधूनमधून जाते. पाहुण्यांचा आकडा वाढतो आहे, असं मंडळाचं म्हणणं आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले आणि ती करून घेतली. सगळ्यात वर, अध्यक्षांच्याही वर, मोठ्या आकड्यांत रखवालदाराच्या टेबलावरचा मोबाइल नंबर. शेजारी ‘राहण्याची सोय’. सनई बंद. काका जरा नाराज झाले, पण सासूबाईंनी त्यांना कुकरच्या आवाजात समजावलं.

तुमच्याही मंडळाचं संकेतस्थळ असेल. आज रात्री ते स्वतःच्या फोनवर उघडा, नंबर किती वेळात सापडतो ते बघा आणि तो लावा. पलीकडून कुणी उचलून मराठीत ‘बोला’ म्हणालं, तर रंग, अक्षरं, स्टॅनफर्ड आणि मी, यांतल्या कशाचीही फार चिंता करू नका. अध्यक्षांचा फोटोही राहू द्या.