जाळी खाली घ्या, भो!

वरणगावात चाळिशीनंतर मैदानात उतरायचं मनात असेल, तर पहिलं काम म्हणजे मे महिना जाऊ द्या. शेजारी भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा आपल्याकडे काही कुलू-मनाली नसते. एरवीही सकाळी सहाला जमावं आणि ऊन तापायच्या आत घरी परतावं. संध्याकाळचा बेत ठरवू नका. संध्याकाळी जमलेली मंडळी हटकून शेवभाजीकडे वळतात.

आदल्या रात्री वरण-बट्टी झाली असेल तर खेळ टीव्हीवर बघावा. तुपात बुडवलेल्या बट्ट्या पोटात असताना उडी मारता येते, खाली उतरणं अवघड जातं.

आता खेळ कोणता? माझं मत व्हॉलीबॉलला. क्रिकेटला माणसं गोळा करण्यातच सकाळ जाते, आणि जमलेली बहुतेक नुसती उभी राहतात. कबड्डीत समोरचा थेट अंगावर येतो. व्हॉलीबॉल मात्र निघालाच आपल्यासारख्यांसाठी. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन हे वायएमसीएत व्यायाम शिकवत. त्यांच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना चारच वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल झेपेना. मग मॉर्गनसाहेबांनी जाळी बांधली साडेसहा फुटांवर आणि शेटलोकांना दोन बाजूंना उभं केलं. पळापळ नाही, धक्काबुक्की नाही. पुढे खेळ पोरांच्या हाती गेला आणि पुरुषांची जाळी चढली २.४३ मीटरवर, म्हणजे जवळजवळ आठ फूट!

माझं म्हणणं एवढंच, की आपण ती मूळ जागी आणावी. यावर मैदानात जो वाद पेटतो, तो नगरपरिषदेच्या निवडणुकीतही पेटत नाही. ‘काय भो, अंगणवाडीची जाळी लावतो का?’ असं विचारणारे आमचे एक अण्णा कॉलेजात स्मॅश मारायचे. कॉलेज सुटून पंचवीस वर्षं झाली, हे त्यांच्या गुडघ्यांना कळलंय, अण्णांना कळायचंय.

व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळतो तो बहुधा जाळीपाशीच. उडी मारलेला माणूस खाली येतो तो समोरच्याच्या पायावर. म्हणून जाळी खाली, स्मॅश बंद, आणि मधली रेघ फक्कीने ठसठशीत मारलेली हवी. आपल्याकडे कुणाची बाजू कुठली यावर तासभर भांडण होतं, पण फक्की आणायला कुणी जात नाही.

बुटांचंही तसंच. जाड तळव्याचे पळायचे बूट सरळ पळायला ठीक, आडवं सरकताना त्यात पाय मुडपतो. सपाट तळव्याचे, बाजूंनी घट्ट बूट घ्यावेत. चपला काढून अनवाणी खेळणाऱ्या भाऊंना मी काही सांगत नाही, त्यांना बाभळीचा काटा सांगेल.

आपल्या गावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात. काडतुसाला वॉर्मअप लागत नाही, पोटरीला लागतो. आल्याआल्या वाकून अंगठे धरू नयेत. आधी पाच-दहा मिनिटं संथ पळावं, गुडघे उचलावेत, हात फिरवावेत. ताण देऊन थांबायचे प्रकार खेळ झाल्यावर.

किती दम लागू द्यायचा? खेळता खेळता बोलता आलं पाहिजे, हे डॉक्टरांचं माप. या परीक्षेत आपलं गाव नापास होणं शक्य नाही. बॉल पडला तरी चालेल, गप्पा पडत नाहीत. म्हणून उलटं धरावं: बडबड्या माणूस अचानक गप्प झाला, की त्याला बसवा. छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस असेल भो’ म्हणणाऱ्याचं न ऐकता सरळ दवाखाना गाठा. बीपी-शुगर असणाऱ्यांनी तर उतरण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

मुरगळलाच पाय, तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि पाय उंचावर. पाय टेकवतच नसेल, तर एक्स-रे काढा. त्या दिवशी चोळायला येणाऱ्या मावशींना चहा पाजा आणि प्रेमानं परत पाठवा.

एवढं मान्य असेल तर रविवारी सकाळी सहाला या. बूट घाला, घरून पाणी आणा आणि जमलं तर फक्कीची पिशवीही. जाळी साडेसहा फुटांवरच राहील. अण्णांना मी कळवतो.