निळ्या पात्याचे गृहस्थ

घरच्या घरी वस्तऱ्याचे पाते काळेनिळे करणारा गृहस्थ दाढीसाठी वस्तरा बाळगत नाही, याचा पुरावा त्याच्या चेहऱ्यावरच असतो : तिथे आठवड्याची दाढी वाढलेली असते. उल्हासनगर ते बदलापूर या टापूत तो कुठल्याही सोसायटीत भेटावा. सलूनवाल्यांनी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा पत्करला आणि जुने पोलादी वस्तरे याच्या हाती लागले. दाढी हे निमित्त. त्याला खरी हौस गंजावर हुकमत गाजवण्याची. तांबडा गंज आणि तापल्या पोलादावरची निळाई ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडेच. त्यातला तांबडा बदलापूरच्या पावसाळ्यात फुकट मिळतो, म्हणूनच त्याला त्यात राम वाटत नाही.

कोणी म्हणेल, रंगाने पाते टिकते. टिकते, पण वर तेलाचा हात फिरवला तरच. आणि नुसते तेल लावलेले चकचकीत पातेही टिकतेच. धार वाढते म्हणावे, तर गॅसवर निळे करायला पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावे लागते आणि वस्तऱ्याचे पाणी त्याआधीच उतरू लागते. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला अंबरनाथकर शेजारी हे बजावतो, तेव्हा आपले गृहस्थ व्हिनेगर आणि कडक चहाकडे वळतात. चहातले टॅनिन लोखंडाला काळे करते खरे, पण आम्ल धारही खाते. म्हणून धारेला नेलपॉलिश फासायचे. ती बाटली कुठे गेली, या प्रश्नाला त्या घरात उत्तर मिळत नाही.

याला वेड म्हणणाऱ्याने उल्हासनगरकडे पाहावे. कोऱ्या जीन्सचा निळा रंग धुऊन तिला जुनेपण आणण्याचा धंदा तिथे असा फोफावला, की वालधुनी नदीच्या पाण्याचा रंग बदलला. निळा उतरवला तर उद्योग आणि चढवला तर वेड, हा न्याय टिकत नाही. आपल्या गृहस्थांचे सांडपाणी फार तर वाटीभर. मात्र न तापवता पोलाद निळे करण्याच्या, म्हणजे कोल्ड ब्लूइंगच्या, तयार द्रावणात बहुधा सेलेनियमची विषारी संयुगे असतात. ती वाटी पुन्हा आमटीला घेऊ नये.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे : दाढी करायचीच नाही, तर धार वाचवायची कशाला? बोथट वस्तऱ्याने दाढी न करणे ही लाचारी झाली. धारदार वस्तरा हाताशी असून न करणे, हा संयम.