इंजिन आपणच

आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्याकडे वॉटरफर्ड ते डंगार्व्हन असा ४६ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग आहे. गाडी इथं १८७८ साली सुरू झाली. १९६७ मध्ये प्रवासी वाहतूक बंद पडली. पुढे एका मॅग्नेसाइट कारखान्यापुरती मालगाडी धावत होती, ती १९८२ मध्ये थांबली. मग रानानं ताबा घेतला. २०१७ साली झाडोरा काढून, डांबर घालून तो मार्ग सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळा करून दिला, आणि तेव्हापासून तिथं माणसांची रीघ आहे. यातला व्यवहार मला अजून उलगडलेला नाही. गाडी होती, बसायला बाक होता, इंजिन कंपनीचं होतं, तेव्हा पुरेशी माणसं येईनात. आता इंजिनाचं काम प्रवाशानं स्वतःच्या मांड्यांनी करायचं आणि वर सायकलीचं भाडंही मोजायचं, तर शनिवारी सायकल शिल्लक नसते.

भाची वॉटरफर्डला नोकरीला आहे. तिनं आम्हाला तिथं नेलं, ते माझ्यासाठी नव्हे, तिच्या बाबांसाठी. आमचे दाजी मध्य रेल्वेच्या रूळखात्यातून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी पुशट्रॉलीवर गेली. साहेब छत्रीखाली बाकड्यावर, मागून दोघं ट्रॉलीमन रुळावर पाय टाकत पळत ढकलणार आणि वेग आला की फळीवर उडी मारून बसणार. म्हणजे लोहमार्गावरून हजारो मैल हिंडलेला, पण त्यासाठी एकदाही पाय न हलवलेला माणूस.

सायकलच्या दुकानात बॅटरीच्या सायकलीही होत्या. दाजींनी त्या हातानंच बाजूला सारल्या. ताईनं मात्र मुकाट्यानं एक घेतली आणि म्हणाली, "तुम्ही राहा वाफेवर. माझं विद्युतीकरण झालंय." त्यानंतर दुपारपर्यंत आम्हाला ताईची फक्त पाठ दिसत होती. तीही वळणावर.

"घाबरू नकोस," दाजी मला म्हणाले, "रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, घसरायला किती वेळ? म्हणून डोंगर आला की कटिंग, दरी आली की भराव किंवा पूल. शंभर फुटांत एखादा फूट चढ, तोही नाइलाजानं. आपण बिनचढाच्या रस्त्यानं चाललोय." हे सगळं शंभर टक्के खरं आहे. फक्त चढ जितका सौम्य तितका तो लांब असतो, हे पायांना कळतं, रूळखात्याला कळत नाही. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो आणि मांड्या मात्र तक्रार नोंदवत राहतात.

दाजींच्या खिशात वही होती. दर थोड्या वेळानं ते उतरायचे, भरावाच्या कडेला वाकून बघायचे आणि नोंद करायचे. नाला तुंबलेला. झुडूप फार जवळ. एका दगडी कमानीखाली उभे राहून त्यांनी वरच्या दगडांकडे इतका वेळ पाहिलं की मागून येणाऱ्या एका कुटुंबानंही थांबून वर पाहिलं. "आयर्लंडचा गेज पाच फूट तीन इंच," ते मला म्हणाले. "आपला पाच फूट सहा." ते तीन इंच त्यांनी स्वतः मिळवून दिल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

किलमीडनजवळ अनर्थ झाला. तिथं जुन्या मार्गाच्या काही भागावर हौशी लोकांनी नॅरोगेज टाकून छोटी गाडी चालवली आहे, आणि सायकलचा रस्ता तिच्या शेजारून जातो. कित्येक मैल रुळांविना तळमळणाऱ्या दाजींना अचानक रूळ दिसले. सायकल त्यांनी अक्षरशः टाकली. ती गाडी आली तेव्हा दाजी रुळांपासून नियमानुसार अंतर राखून, पाठ ताठ, उजवा हात आडवा धरून उभे होते. चालकानं शिट्टी दिली. दाजींचा चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही इतका फुललेला पाहिला नव्हता. मुलगी शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "मामा, हे लिहू नकोस हं."

किलमॅकथॉमसला आठ कमानींचा दगडी पूल आहे. अगदी निवांत गाव, वरून आपण आणि खाली घरांची छपरं. इथं ताई भेटली. एका भिंतीला टेकून तिनं डबा उघडला होता: तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि वॉटरफर्डहून आणलेले ब्ला. हा तिकडचा मऊ, पांढरा, वरून पीठ भुरभुरवलेला पाव. २०१३ पासून युरोपीय संघानं त्याचं नाव राखून ठेवलंय, कुणीही उठून कुठंही ब्ला भाजून विकू शकत नाही. ताईनं तो मधून फाडला, चटणी भरली, दाबला आणि चावता चावता निकाल दिला: "सगळं आहे. वडा तेवढा घालायचा विसरले बिचारे."

पुढे रस्ता उताराला लागतो असं नकाशा सांगतो. नकाशावर वारा काढायची पद्धत नाही. इथं वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, आणि डंगार्व्हन नेमकं त्याच दिशेला आहे. म्हणजे रेल्वेनं आपल्यासाठी वाचवलेला सगळा चढ अटलांटिकवरून आडवा होऊन अंगावर येतो. दाजींची गती इतकी मंदावली की एक गोगलगाय आमच्या बरोबरीनं येते की काय असं वाटू लागलं. बोर घाटात सदतिसास एक चढ आहे, तिथं कर्जतहून गाडीच्या पाठीला बँकर इंजिनं लावतात. मी सायकल शेजारी घेतली आणि एक हात दाजींच्या पाठीवर ठेवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं फक्त म्हणाले, "जरा एकसारखं ढकल. झटके बसतायत." जुनी सवय.

मग खोल कटिंग, दोन्ही अंगांना ओले नेचे, आणि सुमारे चारशे मीटरचा बोगदा. आत दिवे आहेत, पण मंद. वरून पाणी टपकतं, मानेवर नेमकं कॉलरच्या आत. घाटातून गेलेल्या मराठी माणसाला बोगद्यात गप्प बसता येत नाही. ताईनं आधी "कूऽऽ" केलं. पुढून कुणा आयरिश पोरांनी उत्तर दिलं. मग मीही दिलं. दाजी मात्र गंभीरपणे भिंतीला हात लावत चालले होते. बोगद्याच्या अगदी शेवटी, आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीनं, त्यांनी इतकी खणखणीत शिट्टी मारली की दोन सायकलवाले बाजूला झाले.

बाहेर बॅलीव्हॉयलचा उंच पूल. १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवीत तो उडवला गेला, १९२४ मध्ये पुन्हा उभा राहिला. "दोन वर्षांत," दाजी म्हणाले आणि आमच्याकडच्या एका पुलाच्या आठवणीनं त्यांनी सुस्कारा सोडला. त्या पुलाचं नाव मी लिहीत नाही. तो अजून व्हायचाय. त्यानंतर डावीकडे समुद्र उघडतो आणि डंगार्व्हनच्या उपसागरापर्यंत सोबत करतो. आम्ही तो मान खाली घालून पाहिला, कारण मान वर केली की वारा तोंडात जात होता.

परतीला दुकानवाल्यांची बस असते. दाजी खिडकीत बसले, सायकली मागच्या गाड्यावर नीट बांधल्यात ना हे दोनदा उतरून पाहून आले, आणि गाडी हलताच घोरू लागले. वही मांडीवर उघडी होती. ताईनं वाचून दाखवलं. बहुतेक नोंदी नाल्यांच्या होत्या. शेवटची अशी: "बोगद्यानंतर डंगार्व्हनपर्यंत वारा. तातडीनं दुरुस्ती आवश्यक."