सीटवर युरियाचं पोतं

ऊसतोडीच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टरचे भारी लाड होतात. नवा कर्णा, चमकते दिवे, बॉनेटवर 'आई-वडिलांची कृपा'. सीटवर मात्र युरियाचं पोतं. आतल्या फोमचा भुगा झालाय, ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे सीट जुळवायची मूठ गंजून जाम. कुशनवाला म्हणतो, घट्ट फोम घाला, खालची स्प्रिंगही बदला. मालक म्हणतात, "वरचं रेक्झिन तेवढं टाक, बाकी चालतंय." चालतंयच की! बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ कंपनांना सर्वांत जास्त थरथरतो आणि ट्रॅक्टरचे हादरे नेमके त्याच्याच आसपासचे. इंजिनाला ऑइल कसं अगदी वेळेवर! ड्रायव्हरला ऑइल लागत नाही, बाम लागतो. तो त्यानं पदरचा आणायचा.